माहितीचे युद्ध आणि राष्ट्रीय सुरक्षा : मुंबईच्या अनुभवातून

१४ एप्रिल ही तारीख आपल्या घराघरांत जयंतीची तारीख आहे. इतिहासाचा शिक्षक या नात्याने मी वर्गात याच तारखेची आणखी एक आठवण आवर्जून सांगत आलो आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वयाची ५३ वर्षे पूर्ण केली होती आणि ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून काम पाहत होते. दुसरे महायुद्ध चालू होते. त्या दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाच्या मालवाहू जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या, सोन्याच्या विटा होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटके होती. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने त्याहून भीषण असा दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर त्याची नोंद झाली. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आजही देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

या दुर्घटनेचा दुसरा भाग पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. स्फोट झाला तो जहाजातील आगीमुळे. परंतु जपानी हल्ला झाला, असेच असंख्य मुंबईकरांना वाटले. खरे काय ते सांगण्याची जबाबदारी ज्या सरकारची होती, ते सरकार युद्धकालीन सेन्सॉरच्या आडोशाला जाऊन गप्प राहिले. वार्ताहरांना आपले वृत्तान्त बाहेर पाठवण्याची मुभा मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. मात्र स्फोटाच्या दुसऱ्याच दिवशी जपानच्या ताब्यातील सायगॉन रेडिओने या घटनेचा सविस्तर वृत्तान्त जगाला ऐकवला होता. आपल्या शहरात काय घडले, हे शत्रूच्या तोंडून कळावे, याहून मोठी नामुष्की कोणती? शिवाय शत्रूने एकदा खरे सांगितले की त्याने नंतर सांगितलेल्या खोट्यावरही लोकांचा विश्वास बसू लागतो.

आज ‘माहितीचे युद्ध’ हा शब्द वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून वारंवार कानी पडतो. ते काही संगणकतज्ज्ञांचे आणि सेनाधिकाऱ्यांचे प्रकरण आहे, आपला त्याच्याशी संबंध नाही, असा बहुतेकांचा समज असतो. हा समज चुकीचा आहे, हे या लेखात सांगायचे आहे; आणि त्यासाठी दूरच्या देशांत जाण्याचीही गरज नाही. मुंबईने आणि महाराष्ट्राने गेल्या ऐंशी वर्षांत या युद्धाची बहुतेक सर्व रूपे पाहिली आहेत.

माहिती घात कशी करते?

माहितीचे युद्ध म्हणजे प्रतिपक्षाच्या सैन्यावर नव्हे, तर त्याच्या समाजाच्या समजुतीवर केलेला हल्ला. लोकांना काय घडते आहे हे कळू नये, कळले तर चुकीचे कळावे, आणि त्यांचा एकमेकांवरील तसेच आपल्या संस्थांवरील विश्वास उडावा, हा त्याचा हेतू असतो. अशा हल्ल्याचे हत्यार नेहमी खोटी बातमीच असते, असे मात्र नाही. माहिती चार प्रकारे घात करू शकते. खरी माहिती दडपली गेली तर ती घातक ठरते. खरी माहिती अवेळी, चुकीच्या हाती पडली तरी ती घातक ठरते. खरी माहिती आपल्या संदर्भापासून तोडून दुसऱ्याच जागी चिकटवली, तर तिचे विष होते. आणि चौथा प्रकार, मुळात नसलेलीच गोष्ट रचण्याचा. तंत्रज्ञान बदलत गेले तसा या चारही प्रकारांचा वेग आणि पल्ला वाढत गेला. गोदीतील स्फोट हे पहिल्या प्रकाराचे उदाहरण होय.

सत्य दडपले जाते तेव्हा

त्या स्फोटाच्या दीड-दोन वर्षे आधी, १९४२ च्या ऑगस्टमध्ये, याच मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी ‘काँग्रेस रेडिओ’ हे गुप्त नभोवाणी केंद्र चालू केले. वृत्तपत्रांवर बंधने होती, नेते तुरुंगात होते. अशा वेळी पोलिसांना चुकवीत, जागा बदलत हे केंद्र देशातील घडामोडी लोकांना सांगत राहिले. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी ते पकडले. तत्कालीन सरकारच्या लेखी ते केंद्र म्हणजे राजद्रोह आणि राज्याच्या सुरक्षेला धोका होता. आपण आज त्याला स्वातंत्र्यलढ्याचे एक उज्ज्वल पान म्हणतो. सुरक्षेचे नाव घेऊन उच्चारलेला प्रत्येक शब्द देशाच्या हिताचा असतोच असे नाही, एवढे या उदाहरणावरून ध्यानात यावे.

ही केवळ परकीय राजवटीची गोष्ट नव्हे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतप्त लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला. जमाव गॅसचे टँकर पेटवण्याच्या बेतात होता, म्हणून गोळीबार करावा लागला, असे समर्थन तेव्हा पुढे करण्यात आले. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला. टँकरची कथा लोकांनी पहिल्या दिवसापासून नाकारली होती. पण अधिकृत कागदावर त्यांचे म्हणणे यायला वेळ लागला. आपल्या या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेकांची मुले-नातवंडे त्या घटनेनंतर जन्मली आहेत. त्यांना सांगितले पाहिजे की ‘सरकारी सूत्रांनी सांगितले’ हे वाक्य म्हणजे पुरावा नव्हे; तो तपासाचा आरंभ आहे.

सत्य अवेळी दाखवले जाते तेव्हा

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र पार्लेकर विसरलेले नाहीत. रात्री साडेदहानंतर विलेपार्ल्याजवळ पश्चिम द्रुतगती महामार्गावर एका टॅक्सीत स्फोट झाला. चालक आणि प्रवासी जागच्या जागी ठार झाले. आवाज आमच्या घरापर्यंत आला. कुणी म्हणाले, गॅसची टाकी फुटली. कुणी म्हणाले, विमानतळावर हल्ला झाला. वस्तुतः त्या टॅक्सीत बॉम्ब ठेवणारे दोघे बरेच आधी छत्रपती शिवाजी टर्मिनसला उतरून गेले होते. तसाच आणखी एक स्फोट वाडीबंदरला झाला. शहराच्या दोन टोकांना स्फोट झाल्यामुळे हल्लेखोर नेमके किती आणि कोठे आहेत, हेच कुणाला उमगेना. लष्कर-ए-तैयबाने पाठवलेले हल्लेखोर होते दहा. त्यांनी शहराला भासवले ते शेकडो असल्यासारखे. हाही माहितीच्या युद्धाचाच भाग.

त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस आम्ही सगळे दूरचित्रवाणीसमोर बसून होतो. ताजच्या घुमटातून निघणाऱ्या ज्वाळा, ओबेरॉयबाहेरच्या हालचाली, नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून दोराने उतरणारे कमांडो हे सारे आम्ही घरबसल्या पाहत होतो. त्याच वेळी कराचीत बसलेले हल्ल्याचे सूत्रधारही नेमकी हीच चित्रे पाहत होते. इंटरनेटवरून होणाऱ्या दूरध्वनी सेवेच्या साहाय्याने ते मुंबईतील हल्लेखोरांशी बोलत होते. हे बोलणे अमेरिकेतील एका कंपनीच्या यंत्रणेतून फिरवून आणलेले होते, त्यामुळे ते कोठून येत आहे हे सहज कळू नये अशी व्यवस्था झाली होती. हल्लेखोरांना हॉटेलच्या खोलीतून बाहेरचे काही दिसत नव्हते. दूरवर बसलेले त्यांचे सूत्रधार त्यांचे डोळे झाले होते आणि त्या डोळ्यांना दृष्टी पुरवीत होत्या आपल्याच वृत्तवाहिन्या.

हे माझे अनुमान नव्हे. आपल्या पोलिसांनी ती संभाषणे मध्येच पकडून ध्वनिमुद्रित केली होती आणि ती न्यायालयात पुरावा म्हणून मांडली गेली. २९ ऑगस्ट २०१२ रोजी कसाबच्या अपिलाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने प्रसारमाध्यमांच्या भूमिकेची स्वतंत्रपणे दखल घेतली. हॉटेलमध्ये मंत्री अडकले आहेत, असे वाहिन्यांवर ऐकून सूत्रधारांनी ते हल्लेखोरांना कळवले होते. घुमटाला लागलेल्या आगीची चर्चा बाहेर कशी चालली आहे, हेही सांगितले होते. हीच दृश्ये कारवाई संपल्यानंतर दाखवली असती तर काही बिघडले नसते, परंतु मग प्रेक्षकसंख्या तितकी वाढली नसती, अशा आशयाचे कठोर भाष्य न्यायालयाने केले. या हल्ल्यात १६६ जणांचे प्राण गेले. थेट प्रक्षेपणामुळे त्यातील किती गेले, हे कुणालाच सांगता येणार नाही. न्यायालयानेही तसा दावा केला नाही. धोका मात्र खरा होता. मार्च २०१५ मध्ये केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत दुरुस्ती झाली. दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण करू नये, नियुक्त अधिकारी वेळोवेळी देईल तेवढीच माहिती प्रसारित करावी, असा दंडक आला.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. १९४४ च्या मौनामध्ये आणि २०१५ च्या नियमामध्ये मोठा फरक आहे. पहिल्यात लोकांपासून सत्य आठवडेच्या आठवडे लपवले गेले. दुसऱ्यात सत्य नाकारलेले नाही. कारवाई संपेपर्यंत केवळ त्याची वेळ लांबवली आहे आणि ती संपली की बंधनही संपते. सुरक्षेसाठी घातलेले बंधन न्याय्य आहे की नाही, हे ओळखण्याची ही एक साधी कसोटी होऊ शकते. बंधन कशावर आहे, किती काळ आहे आणि त्यानंतर जाब विचारता येतो की नाही, हे पाहावे.

संदर्भ तोडला जातो तेव्हा

२००८ मध्ये चित्रे दाखवण्याचे साधन वाहिन्यांच्या हाती होते. पुढच्या काही वर्षांत ते प्रत्येकाच्या खिशात आले. ऑगस्ट २०१२ मध्ये ईशान्य भारतातील लोकांवर हल्ले होणार, अशा अफवा मोबाइलवरून पसरल्या आणि बंगळूर व पुणे येथून हजारो विद्यार्थी आणि कामगार गाड्या भरून आपापल्या गावी निघाले. अन्य देशांतील आपत्तींची जुनी छायाचित्रे आपल्या देशातील हिंसाचाराची म्हणून फिरवली गेली होती. केंद्र सरकारला एकगठ्ठा लघुसंदेश पाठवण्यावर काही दिवस बंधन घालावे लागले.

सहा वर्षांनी याहून भयंकर घटना घडली. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातील राईनपाडा या आदिवासी गावात आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जण भिक्षा मागत तेथे आले होते. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातले होते. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या परिसरात काही दिवस व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होते. त्यांच्यापैकी एकजण लहान मुलीशी बोलला, असा संशय धरून जमावाने त्यांना घेरले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि तेथेच मरेपर्यंत मारले. पाच माणसे, पाच कुटुंबे, आणि गुन्हा कोणताही नाही.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर मुळात कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी तयार केलेली होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे मुलाला उचलून नेतात आणि लगेच त्याला परत आणून सोडतात. आपल्या मुलांवर लक्ष ठेवा, असा संदेश शेवटी येतो. कुणीतरी तो शेवटच कापून टाकला. उरलेला तुकडा ‘आपल्या भागात घडलेली घटना’ म्हणून हजारो मैल फिरला. खोटे रचण्याची गरजच पडली नाही. सत्याचा शेवट कापला, एवढेच पुरले.

या संदेशांना आवर घालणे पोलिसांना कठीण का गेले, हेही समजून घेतले पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या अशा दोघांच्याच दूरध्वनींवर उलगडतो. मधल्या वाटेवर तो कुलूपबंद असतो. कंपनीलाही तो वाचता येत नाही. सामान्य माणसाच्या खाजगीपणाचे त्यामुळे रक्षण होते. परंतु अफवेचा उगम शोधणेही त्यामुळेच अवघड होते. शिवाय संदेश ओळखीच्या माणसाकडून येतो. वृत्तपत्रातील बातमीवर आपण शंका घेतो. मावसभावाने पाठवलेल्या संदेशावर सहसा घेत नाही. राईनपाड्यानंतर कंपनीने पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला आरंभ केला आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी राज्यांना सविस्तर निर्देश दिले.

पण दोष केवळ यंत्राचा होता काय? अनोळखी, भटक्या, भिक्षा मागणाऱ्या माणसाकडे संशयाने पाहण्याची सवय या समाजाला व्हॉट्सअ‍ॅपने लावलेली नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कितीतरी जमातींच्या कपाळी जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. कायदा स्वातंत्र्यानंतर रद्द झाला. शिक्का मनातून गेला नाही. गवत आधीच वाळलेले होते. तंत्रज्ञानाने काडी वेगाने पोहोचवली.

राष्ट्रीय सुरक्षेच्या दृष्टीने हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. शत्रूला आपल्यात नवा द्वेष निर्माण करावा लागत नाही. जातीचा, धर्माचा, प्रांताचा जुना द्वेष असतोच. तो कोठे आहे हे त्याला ठाऊक असले म्हणजे झाले. संविधानाच्या उद्देशिकेत ‘बंधुता’ हा शब्द व्यक्तीची प्रतिष्ठा आणि राष्ट्राची एकता यांच्याशी जोडून आला आहे, तो योगायोगाने नव्हे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी हजारो जातींत विभागलेला समाज राष्ट्र कसा म्हणवून घेऊ शकेल, असा प्रश्न विचारला होता आणि या देशाने आपले स्वातंत्र्य पूर्वी आपल्याच माणसांच्या फितुरीने गमावले, याचीही आठवण दिली होती. सीमेवर कितीही तोफा उभ्या केल्या तरी जेथे बंधुता नाही तेथे आतून खिंडार पडलेलेच असते. माहितीचे युद्ध त्या खिंडारातून आत येते.

नसलेले रचले जाते तेव्हा

मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या काळात चौथा प्रकार आपण सर्वांनी अनुभवला. संगणकीय खेळातील युद्धाची दृश्ये खऱ्या लढाईची म्हणून फिरली. पाकिस्तानी सैन्याच्या प्रवक्त्याची, त्याने कधीही न उच्चारलेली वाक्ये त्याच्या तोंडी घातलेली चित्रफीत आली. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या खोट्या बातम्या आपल्या काही वाहिन्यांनीही दिल्या.

अशी बनावट चित्रफीत तयार होते कशी? एखाद्या व्यक्तीची असंख्य छायाचित्रे आणि भाषणे संगणकाला पुरवली जातात. तिचे ओठ कोणत्या अक्षराला कसे हलतात, आवाज कोठे चढतो-उतरतो, हे यंत्र त्यातून शिकते आणि मग हव्या त्या वाक्यासाठी चेहरा आणि आवाज तयार करते. जी व्यक्ती सार्वजनिक जीवनात जास्त वावरते तिची नक्कल करणे त्यामुळे अधिक सोपे. पूर्वी यासाठी मोठी यंत्रणा लागे. आता ते काम काही मिनिटांत होते. तरीही अनुभव असा आहे की बहुतेक वेळा इतके कष्टही घेतले जात नाहीत. जुने छायाचित्र, नवा मथळा आणि घाईत असलेला वाचक, एवढ्यावर काम भागते.

त्याच दिवसांत मुंबई विमानतळाची माहिती चोरल्याचे दावे समाजमाध्यमांवर झळकले. हा विमानतळ आमच्या पार्ल्याला लागूनच आहे. आमच्या वर्गात शिकवताना विमान गेले की वाक्य अर्धवट थांबवावे लागते. महाराष्ट्र सायबर विभागाने तो दावा फेटाळला. त्या काळात पंधरा लाखांहून अधिक सायबर हल्ल्यांचे प्रयत्न झाले आणि त्यांपैकी केवळ दीडशे यशस्वी ठरले, असेही विभागाने सांगितले. म्हणजे संगणकाचे कुलूप फोडणे अवघड गेले. पण कुलूप फोडल्याची आवई उठवणे सोपे होते आणि भीती पसरवण्याचे काम आवईनेही होतेच.

याच ठिकाणी मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. ‘दोन-तीन दिवस ए.टी.एम. बंद राहणार, रोख रक्कम काढून ठेवा’ असा संदेश त्या दिवसांत आला. मी तो क्षणाचाही विचार न करता पालकांच्या गटावर पाठवला. हेतू चांगला होता. तासाभरात केंद्र सरकारच्या पत्रसूचना कार्यालयाने तो संदेश खोटा असल्याचे जाहीर केले. तोपर्यंत रोजंदारीवर काम करणारे आमचे एक पालक काम सोडून रांगेत उभे राहिले होते. त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली. ‘सर, तुम्ही पाठवलं होतं, म्हणून गेलो,’ एवढेच ते म्हणाले. मी इतिहासाचा पदव्युत्तर पदवीधर. पुराव्याची छाननी कशी करावी, हे मुलांना शिकवतो. त्या दिवशी शत्रूच्या साखळीतील एक कडी मी झालो होतो. त्या संदेशाला जे वजन आले, ते माझ्या नावाचे होते.

खरे-खोटे कोणी ठरवायचे?

मग सरकारनेच खरे-खोटे ठरवावे आणि खोटे पुसून टाकावे, असे कुणाला वाटेल. संविधानाच्या अनुच्छेद १९ ने प्रत्येक नागरिकाला भाषणस्वातंत्र्य दिले आणि त्याच अनुच्छेदात राज्याच्या सुरक्षिततेसाठी वाजवी निर्बंध घालण्याची तरतूदही ठेवली. यातील ‘वाजवी’ या शब्दावर सारे अवलंबून आहे. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील साध्या मतप्रदर्शनावरून अटक झाली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द केले. पुढे केंद्राच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा आहे की नाही, हे सरकारच्याच एका तपासणी केंद्राने ठरवावे, असा नियम २०२३ मध्ये आला. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला.

सरकारने खोट्याचे खंडन जरूर करावे, लवकर करावे, ए.टी.एम.च्या अफवेच्या वेळी ते केले म्हणून अनर्थ टळला. पण स्वतःविषयीच्या आरोपांचा न्यायाधीश सरकारने होऊ नये. रमाबाई नगराचा अनुभव ज्यांच्या गाठीशी आहे, त्यांना हे अधिक समजावून सांगावे लागत नाही. खंडन करणे आणि पुसून टाकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीने विश्वास वाढतो. दुसरीने लोक पुन्हा कुठल्यातरी सायगॉन रेडिओकडे कान लावतात.

आपण काय करावे?

केसपुत्त गावच्या कालामांनी भगवान बुद्धांना विचारलेला प्रश्न आजही जसाच्या तसा आपला आहे. वेगवेगळे उपदेशक येतात, प्रत्येकजण आपलेच खरे म्हणतो आणि दुसऱ्याला खोटे ठरवतो. आम्ही कुणावर विश्वास ठेवावा? ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून मानू नका, हा तथागतांच्या उत्तराचा पूर्वार्ध आपल्याला परिचित आहे. उत्तरार्धाकडे आपले दुर्लक्ष होते. कशावरच विश्वास ठेवू नका, असे त्यांनी सांगितले नाही. ज्या गोष्टीने लोभ, द्वेष आणि मोह वाढतो ती सोडा, जी हितकर असल्याचे स्वतः पारखून कळेल ती धरा, असे सांगितले. हा भेद मोलाचा आहे. कारण ‘सगळेच खोटे बोलतात, काहीच खरे नाही’ असे लोकांना वाटू लागणे, हा माहितीच्या युद्धातील शत्रूचा सर्वांत मोठा विजय असतो.

या कसोटीला आजच्या भाषेत काही साध्या सवयींचे रूप देता येते. संदेश वाचताच राग किंवा भीती उसळली, तर तो लगेच पुढे पाठवू नये. तो आपल्याला उसळवण्यासाठीच लिहिलेला असण्याचा संभव असतो. ही गोष्ट प्रथम कोणी सांगितली, केव्हाची आहे, कोठली आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. ‘सर्वांना पाठवा’ असा आग्रह हे संशयाचे कारण समजावे. छायाचित्र असेल तर गूगल लेन्ससारख्या सोयीने ते पूर्वी कोठे प्रसिद्ध झाले होते का, हे पाहता येते. हे काम आपली आठवीतली मुले आजी-आजोबांना करून दाखवू शकतात. पुतळ्याच्या विटंबनेचे छायाचित्र आले तर ते कोणत्या वर्षाचे आणि कोणत्या गावचे याची खात्री केल्यावाचून ते गटावर टाकू नये. विटंबना खरी असेल तर दाद मागावीच, आणि कायद्याच्या मार्गाने शेवटपर्यंत मागावी. पण आपल्या श्रद्धेची कळ कुणी दुसऱ्यानेच दाबावी, हे आपण होऊ देता कामा नये. युद्धाच्या किंवा पोलीस कारवाईच्या काळात सैन्याच्या हालचालींची चित्रे टिपू नयेत, पाठवू नयेत. आणि चूक झाली तर, ज्या गटावर चूक केली त्याच गटावर, स्वतःच्या नावाने ती मान्य करावी. त्या मे महिन्यात मी ते केले. अवघड गेले, पण त्यानंतर आमच्या गटावरचे पालक संदेश टाकण्यापूर्वी ‘सर, हे खरे आहे का?’ असे विचारू लागले आहेत.

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला, कारण ज्यांच्याविषयी इतरच लिहीत होते त्यांना स्वतःचे बोलण्याचे साधन नव्हते. आज ते साधन आपल्या प्रत्येकाच्या हातात आहे. एका अंकामागे तेव्हा किती विचार, किती कष्ट आणि किती जबाबदारी असे! तेवढीच जबाबदारी आज बोटाच्या एका स्पर्शामागे असली पाहिजे. या शाळेतून बाहेर पडलेले विद्यार्थी आज परिचारिका आहेत, पोलीस आहेत, अभियंते आहेत, रिक्षा चालवतात, कार्यालये सांभाळतात. प्रत्येकाच्या शब्दावर विश्वास ठेवणारी दहा-वीस माणसे त्यांच्या भोवती आहेत. तो विश्वास हीच या देशाची एक तटबंदी आहे. तिच्या आपापल्या भागाची राखण ज्याची त्याने करायची आहे.